वाकळीचा हिशोब

पस्तीस वर्षे मी पुण्यातल्या एका शाळेत मुलींना गणित शिकवले. काळ, काम आणि वेग हे प्रकरण माझ्या विशेष आवडीचे. पाच मजूर एक विहीर बारा दिवसांत खणतात, तर तीन मजूर किती दिवसांत खणतील, असली उदाहरणे मी अशा उत्साहाने फळ्यावर घालीत असे की, मागच्या बाकावरच्या मुलीही क्षणभर त्या विहिरीत डोकावत. मजुरीची उदाहरणे तर मुलींना चटकन सुटत. आणि नेमके मजुरीचेच एक सोपे उदाहरण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी स्वतः चुकले. ते कसे चुकले, ते सांगायला आता हरकत नाही.

निवृत्त झाल्यावर मी कासार आंबोलीला राहायला आले. पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुट मागे पडले की हे गाव लागते. मुळशी तालुक्यातली इतर गावे तशीच ही. एकीकडे कारखान्यांच्या शेडी, दुसरीकडे भाताची खाचरे. सकाळी कंपनीची बस आणि गुरे एकाच रस्त्याने जायची. गावाच्या नावातच कारागीर आहे, हे मला येथे येईपर्यंत कधी जाणवले नव्हते. माझ्या घराला लागूनच मावशींचे घर. त्या माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला बाई म्हणतात. शाळेतला माझा दरारा कमी झाला तरी ते 'बाई' मात्र सुटले नाही.

पहिल्याच हिवाळ्यात एका दुपारी मी मावशींच्या अंगणात गेले, तो चार बाया चार कोपरे धरून एक जुने लुगडे ताणत होत्या. त्याच्यावर दुसरे, त्यावर तिसरे, मध्ये धोतराचा फाटका पन्हा, वर पुन्हा लुगडे. पुण्यात आम्ही त्याला गोधडी म्हणत असू. मावशी वाकळ म्हणतात. कडा मारून झाल्यावर मावशी पाय पसरून बसल्या आणि गुडघ्यावर कापड ताणून टाके घालू लागल्या. काठापासून आरंभ करायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे यायचे. पट्टी नाही, खडू नाही. दोन ओळींमधले अंतर बोटाने मोजायचे. मध्ये नातवाच्या सदऱ्याचे लाल ठिगळ आले की टाक्यांची ओळ त्याला वळसा घालून पुढे जाई, ओढा दगडाला घालतो तशी.

शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरली. तेव्हा मावशींनी आतून भाकरीचा नखाएवढा तुकडा आणला, त्याच्यावर हळदकुंकवाची चिमूट टाकली, आणि दोन थरांमध्ये तो सरकवून वरून टाके घातले.

"हे कशाला?" मी विचारले.

"पोट रिकामं ठिवू नये बाई. उपाशी वाकळ थंडी काय निवारणार?"

मी हसले. त्याही हसल्या. त्यांनी ती वाकळ घडी घालून माझ्याच हातात दिली. तुमच्यासाठीच घातली, म्हणाल्या. मी पैसे विचारले, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. वाकळ ही शेजारणीने शेजारणीला करून द्यायची वस्तू. हाताखाली चार बाया येतात, त्यांना चहा आणि वेळ असेल तर पोहे. उद्या त्यांच्या अंगणात आपण जायचे. गावोगाव हिंडून पैसे घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बाया आहेत, पण त्यांचा तो धंदा. मावशींच्या वाकळीला किंमतच नव्हती. आणि पुढचा सगळा घोटाळा तेथूनच सुरू झाला.

२०२० साली टाळेबंदी लागली. मावशींचा मुलगा पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी होता, तो घरी बसला. सून दुसऱ्या ठिकाणी पॅकिंगला जाई, तीही बसली. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर चढून आले आणि त्याने मावशींच्या ओसरीवरचे पत्रे उडवून पलीकडच्या खाचरात नेऊन टाकले. ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी डोक्यावर प्लास्टिकचा कागद. अशा वेळी शिकलेल्या माणसाच्या अंगात जो परोपकार संचारतो, तो माझ्याही अंगात संचारला. मी म्हटले, मावशी, तुमच्या वाकळा विकू या.

पुण्यात माझ्या ओळखीचे हातकामाच्या वस्तूंचे एक दुकान होते. रस्ते मोकळे झाल्यावर मी नमुना दाखवून आले. दुकानदारांना तो आवडला, पण त्यांच्या तीनचार अटी होत्या. टाके सरळ रेषेत हवेत. रंग एकमेकांना साजेसे हवेत. आणि आत भाकरीबिकरी काही नको, मुंग्या लागतात. मला हे सगळे रास्त वाटले. गणिताच्या मास्तरणीला सरळ रेषेचे वावडे असण्याचे कारण नाही. मी परत येऊन मावशींना आणि त्यांच्या चार सोबतिणींना अटी समजावल्या. मावशींना पट्टी आणि खडूसुद्धा आणून दिला. भाकरीचे सांगितले तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर न्हाई घालत."

किंमत काय घ्यायची, असे मी त्यांना विचारले होते. "तुम्ही द्याल ती," असे उत्तर आले. मी दुकानदारांना विचारले. ते म्हणाले, बाराशे. मी तो आकडा गावात येऊन सांगितला, आणि बाराशे रुपये ऐकून बायांचे डोळे चमकलेले मी स्वतः पाहिले. दिवाळीच्या आधी पाच वाकळा झाल्या, सहा हजार रुपये आले. मी त्यातला एक रुपयाही ठेवला नाही. उलट जाण्यायेण्याचा खर्च पदरचा केला. मावशींकडे पत्रे आले. त्या वर्षी मला फराळाची इतकी ताटे आली की शेव मार्चपर्यंत पुरली. मी फार समाधानात होते.

पुढच्या वर्षी दिवाळीत माझी लेक अमेरिकेहून आली. तिने ग्वाटेमालाला गेली असताना घेतलेले एक कापड आणले होते. ग्वाटेमाला हा मेक्सिकोच्या दक्षिणेचा डोंगराळ देश. तेथे माया लोकांची वस्ती मोठी आहे. ज्यांची प्राचीन देवळे आणि कालगणना आपण पुस्तकांत वाचतो, त्यांचेच हे वंशज. त्यांच्या बाया अजूनही कमरेच्या मागावर विणतात. मागाचे एक टोक झाडाला नाहीतर खांबाला बांधायचे, दुसऱ्या टोकाचा पट्टा स्वतःच्या कमरेमागून घ्यायचा, आणि गुडघ्यांवर बसून अंग मागेपुढे करून ताणा ताठ करायचा किंवा सैल सोडायचा. चौकट नाही, खड्डा नाही; बाईचे शरीर हाच मागाचा अर्धा भाग. आपल्याकडे नागालँडमध्ये बाया असेच विणतात. माया बायांच्या झग्याला उईपील म्हणतात. गावागावाचे नक्षीकाम निराळे असल्याने, अंगावरच्या कापडावरून जाणत्याला बाईचे गाव ओळखता येते. रिगोबेर्ता मेंचू या माया बाईंना १९९२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांची छायाचित्रे पाहिली तर त्यांच्या अंगावर हाच पोशाख दिसतो.

लेकीने ते कापड मावशींना दाखवले. आपण अशी वस्तू हातात घेतली की वरची नक्षी पाहतो. मावशींनी ती सरळ उलटी केली. मागच्या बाजूने बोट फिरवले, गाठी शोधल्या, डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, आणि म्हणाल्या, "चांगल्या हातची हाय. मागं लपवालपवी न्हाई." मग लेकीने जमिनीवर बसून कमरेला ओढणी बांधून त्या माया बाया कशा विणतात ते करून दाखवले. मावशी बराच वेळ बघत होत्या. "म्हंजी माझा गुडघा, तसं तिचं कंबरडं," त्या म्हणाल्या. "तिचंबी दुखत आसंल."

त्या बायांची हकीकत काही सुखाची नाही. १९६० ते १९९६ अशी छत्तीस वर्षे त्या देशात यादवी चालली. दोन लाखांवर माणसे मेली किंवा नाहीशी झाली, आणि त्यांतली बहुतेक माया होती. डोंगरातली गावेच्या गावे विधवांची झाली. नवरा गेलेला, जमीन गेलेली, जवळ उरले काय, तर कमरेचा पट्टा आणि हातातली नक्षी. त्यातून बायांनी विणकरणींच्या सहकारी संस्था काढल्या. केत्साल्तेनांगो नावाच्या शहरात १९८८ साली निघालेली त्रामा ही त्यांपैकी एक. ती विणणाऱ्या बायांच्याच मालकीची. पुढे आणखी एक पेच आला. गिरण्यांतून त्यांच्या नक्षीची छापील नक्कल स्वस्तात येऊ लागली, आणि परदेशी व्यापारी तीच नक्षी आपल्या पिशव्यांवर मिरवू लागले. तेव्हा २०१६-१७ च्या सुमारास विणकरणी न्यायालयात गेल्या. ही नक्षी आमच्या गावांची सामाईक मालमत्ता आहे, तिला कायद्याने तसे मानावे, ही त्यांची मागणी.

लेकीने आपले कापड अशाच एका संस्थेतून घेतले होते. मी सहज विचारले, केवढ्याला पडले? तिने सांगितले. मी म्हटले, बरेच महाग की. ती म्हणाली, "किंमत विणणाऱ्या बायकांनीच ठरवलेली असते. मावशींच्या वाकळीची कुणी ठरवली?"

मी म्हटले, दुकानदारांनी.

"आणि दिवस किती लागतात एकीला?"

मी उत्तर दिले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते. "आई, तू गणिताची बाई ना?" एवढेच म्हणून ती पाणी तापवायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना वेळ विचारला. घड्याळाने नाही, त्यांच्या पद्धतीने: भांडी आवरल्यापासून गुरे परत येईपर्यंत. म्हणजे चार तास. अशा अठरा दुपारी. बहात्तर तास; आठ तासांचा दिवस धरला तर नऊ दिवस. बाराशे भागिले नऊ, एकशे तेहतीस रुपये. त्या वर्षी आमच्या बाजूला आवणीला बाईची मजुरी साडेतीनशे होती, वर दुपारची भाकरी. म्हणजे चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईला जे मिळत होते, त्याच्या निम्मेही मी माझ्या कारागिरणींना मिळवून दिले नव्हते, आणि वर त्यांच्या शेवेची ताटे खाल्ली होती. त्याच आठवड्यात मी पुण्याला गेले. दुकानात मावशींचीच एक वाकळ मांडलेली होती; पट्टीने आखलेल्या टाक्यांवरून मी ती ओळखली. चिठ्ठीवर चार हजार दोनशे रुपये लिहिले होते. मी काही न बोलता बाहेर आले. दुकानदाराने मला फसवले नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांचे भाडे, नोकर, पडून राहिलेला माल, सगळे त्या आकड्यात असणार. त्यांनी आपले उदाहरण बरोबर सोडवले होते. माझे चुकले होते.

हे मी मावशींना सांगितले तेव्हा मला वाटले होते, त्या रागावतील. त्या शेंगा फोडत होत्या, तशाच फोडत राहिल्या.

"मला ठावं हाय की. आवणीला गेले आसते तर जास्त आले आसते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आवणी पंधरा दिसांची. अन् ह्ये गुडघं आता चिखलात उतरत न्हाईत. घरी बसून बाराशे येतात, तर ते काय वाईट?" थोडे थांबून त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही भाव इचारलात, मी म्हनले तुम्ही द्याल तो. तुम्ही जाऊन दुसऱ्यालाच इचारलंत."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. घरात बसून केलेल्या कामाला किंमत नसते, हे आपल्याकडचे फार जुने गणित आहे. १९९६ साली शाळेची सहल घेऊन मी महेश्वरला गेले होते. अहिल्याबाई होळकर माहेरच्या आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांनी १७६७ साली राजधानी महेश्वरला नेली आणि ठिकठिकाणचे विणकर तेथे आणून वसवले. पण त्या कामाच्या परंपरेत मागावर बसणारा बहुधा पुरुष. बायको कांड्या भरायची, सूत गुंडाळायची, आणि मजुरी मात्र एकाच हातात पडायची. होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा ही संस्था काढली, तेव्हा बायांनाच मागावर बसायला शिकवले. किल्ल्यातल्या त्या मागांची खडखड ऐकत मी मुलींना नर्मदेच्या लाटांची किनार दाखवली, चटईची किनार दाखवली, पण मजुरीचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तर पुढे सोपे गेले असते. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशातल्या हातमागावरच्या दर शंभर प्रौढ कामगारांत बहात्तर बाया निघाल्या, आणि विणकरांच्या सुमारे दोनतृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजारांच्या आत. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मागचे पुढचे सगळे दिसते.

आपल्याकडे निराळे उदाहरण नाही असे नाही. १९५९ साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचे लिज्जत झाले. पापड लाटणारी ती मालकीण, हा त्यांचा नियम. पापडाची गोष्ट मला वर्षानुवर्षे पाठ होती. ती वाकळीला लावायचे मात्र सुचले नाही.

असो. त्या दिवाळीनंतर पाचही जणी माझ्या ओटीवर बसल्या. मी पाटी घेतली. नऊ दिवस, साडेतीनशेने तीन हजार एकशे पन्नास. दोरा, सुया आणि अस्तर मिळून अडीचशे. एकूण तीन हजार चारशे. आकडा ऐकून मावशीच दचकल्या. "चिंध्यांना एवढं कोन देईल?" एकजण म्हणाली, तीन हजारच ठेवा, पण कापड गिऱ्हाइकाचे. ही गोष्ट मला सुचली नसती. झाले असे की, सुती लुगडी आता गावातच मिळेनाशी झाली आहेत. घराघरांत पॉलिएस्टरच्या साड्या. त्या सुईखाली सरकतात, टाका बसत नाही, आणि अंगावर घेतल्या तर घामाने जीव जातो. ज्यांच्या आईच्या, आजीच्या सुती साड्या ट्रंकेत पडून आहेत, त्यांनी त्या पाठवाव्यात, आम्ही वाकळ करून देऊ. किंमत तीन हजार. टाके आमच्या हाताला येतील तसे. आणि, मावशी म्हणाल्या, पोटात घास घालणार. सुकवून घालू, मुंग्या लागणार नाहीत.

दुकानदारांनी या अटींवर माल घ्यायला नकार दिला. मग मी माझ्या जुन्या विद्यार्थिनींना दूरध्वनी केले. ज्यांना मी एके काळी काळ-काम-वेग शिकवले त्यांनाच बहात्तर तासांचा हिशोब सांगितला. काहीजणींनी विषय बदलला. एकीने स्पष्ट सांगितले, बाई, मॉलमध्ये नऊशेला छान रजई मिळते. तिचेही खोटे नाही. पण सात जणींनी साड्या पाठवल्या.

याला आता काही वर्षे झाली. फार मोठे काही उभे राहिले, असे मी सांगणार नाही. पाचाच्या अकरा बाया झाल्या, आणि भाव दरवर्षी आवणीच्या मजुरीबरोबर वाढवायचा असे ठरले. पहिल्या पाचांतली एक कारखान्यात परत गेली. तेथे महिन्याच्या महिन्याला पगार आहे. ती गेली तेव्हा मला वाईट वाटले, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली. कला टिकली पाहिजे असे म्हणणारे आपण बहुधा टिकवण्याचे काम दुसऱ्याच्या गुडघ्यावर सोपवतो. कारखान्यात चार पैसे जास्त मिळत असतील तर तिने वाकळ का शिवावी? मावशींच्या सुनेने मात्र पॅकिंग सोडून सुई धरली, तिचा हात सासूपेक्षा जलद आहे. "जलद हाय, पर मागून बघा," असे मावशी हळूच म्हणतात.

लेकीने आणलेले कापड माझ्या खोलीत भिंतीवर आहे. मावशींच्या आग्रहाने मी ते उलटे टांगले आहे. येणारेजाणारे विचारतात, चुकून लागले का?

या वर्षी ज्येष्ठात नाशिकच्या एका बाईंचे पार्सल आले. आईच्या सहा सुती साड्या, एकीला अजून नेफ्थलीनचा वास. पत्रात लिहिले होते, आई फेब्रुवारीत गेली, दिवाळीच्या आत वाकळ मिळाली तर भाऊबीजेला भावाला द्यायची आहे. मी ते पत्र मावशींना वाचून दाखवले. त्यांनी साड्या एकेक करून उलगडल्या, काठ चाचपले, एका साडीचा पदर विरला होता तो बाजूला काढला. तो मधे घालू, म्हणाल्या, मऊ हाय. मग आभाळाकडे पाहिले. पावसाने दोन दिवस जोर धरला होता, आणि सूनबाई रोपे काढायला खाचरात उतरली होती. पुढे आवणी, मग बेणणी, मग कापणी.

"दिवाळीला न्हाई व्हायची," मावशी म्हणाल्या.

मी म्हटले, दोनचार जणींनी मिळून केली तर? तिच्या आईच्या साड्या आहेत, मावशी.

"म्हनूनच. घाईनं न्हाई घालायची." त्यांनी साड्यांची घडी घातली आणि माझ्या हातातले पत्र मागून घेऊन ते त्या घडीत ठेवले. "लिवा तिला. म्हनावं, भात निघू द्या."

मी त्याच दुपारी पत्र टाकले.